दोन जाम वेगळे कसे ओळखायचे: फळाआधी पानाचा देठ पाहा

जाम या एका नावाखाली निदान दोन वेगळ्या जातींची झाडं लावली जातात. दोन्हींची फळं देठाकडे निमुळती आणि खाली पसरट, साल गुळगुळीत, चावलं की तोंडभर पाणी. दोन्हींची फुलं पांढरट आणि केसरांनी भरलेली. लाल, गुलाबी, पांढरा, हे सगळे रंग दोन्हींत सापडतात. त्यामुळे फळ हातात घेऊन ‘हा अमुक जाम’ असं सांगणाऱ्यांचा निम्म्या वेळा तरी अंदाज चुकतो, आणि चुकलाय हे कळतही नाही.

पहिली जात सिझिजियम समरांगेन्स आणि दुसरी सिझिजियम अ‍ॅक्विअम. या लेखात मी त्यांना नुसतं समरांगेन्स आणि अ‍ॅक्विअम म्हणणार आहे. रोपांच्या चिठ्ठ्यांवर वॅक्स अ‍ॅपल, वॉटर अ‍ॅपल, रोझ अ‍ॅपल ही नावं एकमेकांच्या जागी इतकी सर्रास लिहिलेली असतात, की त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. जुन्या पुस्तकांत हीच झाडं युजेनिया जावानिका आणि युजेनिया अ‍ॅक्विआ या नावांनी भेटतील. अ‍ॅक्विअमला आजचं नाव 1931 मध्ये मिळालं आणि समरांगेन्सला 1938 मध्ये. त्यामुळे जुना संदर्भ चाळताना आधी नाव जुळवून घ्यावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: ओळख पानापासून सुरू करा, तीही पान जिथे डहाळीला चिकटतं त्या जागेपासून. फूल आणि फळ नंतर, पडताळणीसाठी. पान बारा महिने हाताशी असतं. माणसांनी फळासाठी निवड करताना फळाचा आकार, रंग आणि गोडी बदलली. पानाच्या देठाकडे मात्र कुणी लक्ष दिलं नाही, म्हणून तो अजून खरं सांगतो.

तयारी

मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट दिसणारी फूटपट्टी घ्या. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन काम भागतं. एक धारदार सुरी आणि पांढरा कागद लागेल. मोजमापं लगेच लिहून ठेवायची सवय लावा. दोन झाडं एकामागून एक पाहिली की कोणत्या झाडाचा देठ किती होता याची सरमिसळ हमखास होते.

आधी परके बाजूला काढा

झाड जंबुल कुलातलं, म्हणजे मिर्टेसीतलं आहे ना, ते आधी पाहा. या कुलात साडेपाच हजारांहून जास्त जाती आहेत. पेरू, निलगिरी, लवंग आणि जांभूळ ही सगळी त्यातलीच. एक पान उजेडासमोर धरा. पात्यात टाचणीच्या टोकाएवढे असंख्य पारदर्शक ठिपके दिसले, तर त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. मग कडेकडे पाहा. मधल्या शिरेपासून निघालेल्या बाजूच्या शिरा थेट काठापर्यंत जात नाहीत. काठाच्या काही मिलिमीटर आत त्या एकमेकींना मिळतात आणि काठाला समांतर धावणारी एक शीर तयार होते. जामच्या मोठ्या पानावर ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. पानं समोरासमोर जोडीनं आलेली असावीत. एवढं जुळलं की कुल पक्कं.

सिझिजियम या प्रजातीत सुमारे 1200 जाती आहेत आणि झाडांच्या प्रजातींमध्ये ती जगातली सर्वांत मोठी मानली जाते. बागेत जामच्या जागी चुकून येणारे नातेवाईक मात्र मोजके आहेत.

एक सिझिजियम मलाक्सेन्स, म्हणजे मलय अ‍ॅपल. याची फुलं गडद गुलाबी ते लाल असतात, ती जाड, पानं नसलेल्या फांद्यांवर आणि खोडावरही येतात, आणि बहरात झाडाखाली केसरांचा गुलाबी सडा पडतो. पान प्रचंड असतं, 15 पासून 38 सें.मी.पर्यंत लांब. फळ कापलं की आत अडीच-तीन सें.मी. व्यासाची एकच गोल, तपकिरी बी निघते. हे एकदा पाहिलं की पुन्हा घोटाळा होत नाही.

दुसरा सिझिजियम जांबॉस, म्हणजे गुलाबजांब. याची पानं लांबट, अरुंद आणि टोकाला निमुळती होत जाणारी असतात. फळ गोलसर, फिकट पिवळं, गुलाबपाण्याच्या वासाचं. आत पोकळी असते आणि पिकलेलं फळ हलवलं की बी खुळखुळते. ‘रोझ अ‍ॅपल’ हे नाव खरं तर याचं, पण ते जामच्या रोपांनाही लावलं जातं. जांभळाची फुलं बारीक आणि घोसात दाट असतात, त्यामुळे ते या घोळात पडतच नाही.

पांढरट फुलं, रुंद पानं, पसरट टोकाची फळं एवढं जमलं, की प्रश्न फक्त आपल्या दोघांचा उरतो.

पान: इथे घाई करू नका

पान कुठून तोडायचं ते आधी ठरवा. बुंध्यातून किंवा छाटणीनंतर जोमानं फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं नकोत. फांदीच्या अगदी टोकाची कोवळी, तांबूस जोडी नको, आणि फुलांच्या घोसाला लागून असलेली जोडीही नको. उन्हातली, साधारण वाढीची फांदी निवडा आणि तिच्या मधल्या भागातली पूर्ण वाढलेली, गर्द हिरवी पानं घ्या. झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंच्या चार-पाच फांद्यांवरून मिळून दहा-बारा पानं पुरतात. पान ओरबाडू नका. डहाळीचा छोटा तुकडा पानासकट कापा, कारण आपल्याला पाहायचा आहे तो दोघांचा सांधाच.

आता डहाळी आडवी धरा आणि पान खालच्या बाजूनं, उलटं करून पाहा.

समरांगेन्समध्ये पात्याचा तळ गोलसर असतो, कधी किंचित हृदयाकृती. तळ आणि डहाळी यांच्यामध्ये जाड, आखूड पण स्पष्ट देठ दिसतो. तो साधारण 3 ते 5 मिलिमीटर असतो. पान डहाळीपासून सुटं उभं असल्याचं जाणवतं आणि देठाच्या दोन्ही बाजूंनी उजेड आरपार दिसतो.

अ‍ॅक्विअममध्ये देठ शोधावा लागतो. तो अर्धा ते दीड मिलिमीटर, म्हणजे जवळपास नाहीच. पात्याचा तळ हृदयाकृती असतो आणि त्याच्या दोन्ही पाळ्या मागे वळून डहाळीवर येतात. समोरासमोरच्या दोन्ही पानांनी मिळून डहाळी कवेत घेतल्यासारखी दिसते. पान उलटं केलं तर डहाळीचा तेवढा भाग पाळ्यांखाली झाकलेला असतो, आणि देठ मोजायचा तर बोटानं पाळी बाजूला सारावी लागते. फूटपट्टी टेकवायच्या आधीच उत्तर मिळतं, तरीही मोजा.

प्रत्येक पानाच्या दोन नोंदी करा: देठाची लांबी, आणि तळ डहाळीवर चढतो की नाही. दहापैकी आठ-नऊ पानं एकच उत्तर देत असतील तर माझ्या मते काम तिथेच झालं. पाने अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे निघाली, तर बहुतेक वेळा फांदी निवडण्यात गफलत असते. दुसऱ्या फांद्यांवरून पुन्हा पानं घ्या.

पानाच्या एकूण आकारावर वेळ घालवू नका. समरांगेन्सचं पान 10 ते 25 सें.मी. लांब असतं आणि अ‍ॅक्विअमचं 7 ते 25. रुंदीचंही तेच. सावलीतलं पान मोठं, उन्हातलं लहान, खतावरचं आणखी मोठं. लांबीवरून जात ठरवता येत नाही.

वास मात्र घेऊन पाहा. समरांगेन्सचं पान चुरगळलं की सुगंध चांगला जाणवतो. अ‍ॅक्विअममध्ये तो कधी येतो, कधी नाही. ही मदतीची खूण आहे, निकालाची नाही.

फूल: केसर मोजा

फूल मिळालं तर सोडू नका, कारण इथे दुसरी भरवशाची खूण आहे. मात्र फूल नीट उमललेलं आणि ताजं हवं. कळीत केसर आत वळून दुमडलेले असतात. अर्धवट उमललेल्या फुलात ते सरळ झालेले नसतात, त्यामुळे लांबी कमी भरते. आणि उमलून गेलेल्या फुलातून केसर झडायला लागलेले असतात. सकाळी झाडाखाली ताजे केसर पडलेले दिसले, की वर योग्य अवस्थेतली फुलं आहेत असं समजा.

एक फूल पांढऱ्या कागदावर ठेवा आणि सुरीनं मधोमध उभं कापा. मधे वाटीसारखा खोलगट भाग दिसेल. त्याच्या काठावर चार मांसल निदलं (पाकळ्यांच्या बाहेरची दलं), चार पाकळ्या आणि केसरांची दाटी असते. याच भागाचं पुढे फळ होतं आणि निदलं फळाच्या टोकाशी तशीच राहतात. सर्वांत लांब केसर चिमट्यानं किंवा नखानं अलगद उपटून पट्टीवर सरळ करा. समरांगेन्समध्ये तो 3 सें.मी.पर्यंत जातो. अ‍ॅक्विअममध्ये पाऊण ते 2 सें.मी. तीन-चार फुलांतले लांब केसर मोजा. 2 सें.मी.च्या पुढे सातत्यानं जात असतील तर कल समरांगेन्सकडे.

घोसातली फुलंही मोजा. अ‍ॅक्विअमच्या घोसात साधारण 3 ते 7 फुलं असतात. समरांगेन्समध्ये 3 पासून 30 पर्यंत. म्हणजे पाच फुलांचा घोस काहीच सांगत नाही, पण पंधरा-वीस फुलांचा भरगच्च घोस बरंच सांगून जातो. समरांगेन्सचे घोस फांदीच्या टोकाला येतात तसे गळून गेलेल्या पानांच्या जागीही येतात.

फळ: शेवटी आणि सावधपणे

पिकलेली पाच-सहा फळं घ्या. प्रत्येकाची लांबी आणि सर्वांत रुंद जागेची रुंदी मोजा. अ‍ॅक्विअमचं फळ लांबीपेक्षा रुंद असतं: लांबी दीड ते दोन सें.मी., रुंदी अडीच ते साडेतीन. बसकं, टोकाकडे पसरलेलं. समरांगेन्सचं मूळ फळ साडेतीन ते साडेपाच सें.मी. लांब आणि जवळपास तेवढंच रुंद. पण लागवडीतल्या वाणांत ते कितीतरी मोठं होतं आणि आकारही बदलतो. थायलंडचा ‘थब थिम चान’ लांबुळका आणि गडद लाल आहे, तैवानचा ‘ब्लॅक पर्ल’ काळपट लाल. हे दोन्ही समरांगेन्सच. म्हणून मोठं किंवा लांब फळ दिसलं तर समरांगेन्स म्हणायला हरकत नाही. उलट लहान फळ पाहून अ‍ॅक्विअम म्हणू नका. पाणी कमी पडलं किंवा झाडावर फळांची गर्दी झाली की समरांगेन्सची फळंही लहान राहतात.

फळ देठापासून टोकापर्यंत उभं कापा. दोन्हींत गर पांढरा, आणि मध्यभागी मऊ, स्पंजासारखा भुसभुशीत भाग. समरांगेन्समध्ये बी बहुतेक वेळा नसते, असली तर एक-दोन, तीही बऱ्याचदा न भरलेली, सुरकुतलेली. अ‍ॅक्विअममध्ये एक-दोन लहान बिया सापडतात, क्वचित सहापर्यंत. सहापैकी सहा फळांत भरलेली बी निघाली तर ही खूण वजनदार धरा. एकाच फळावरून बोलू नका.

चव हा निकष मी मुद्दाम मोजत नाही. अ‍ॅक्विअम जास्त पाणचट आणि समरांगेन्स जास्त सुगंधी व गोड, असं सर्वसाधारणपणे खरं आहे. पण पावसात तोडलेला समरांगेन्सही पाणचट लागतो. रंगाचं तर विचारूच नका.

झाडाची उंचीही फार मदत करत नाही. अ‍ॅक्विअम 3 ते 10 मीटर, समरांगेन्स 5 ते 15. खोड दोन्हींचं आखूड, वाकडंतिकडं, बुडापासून फांद्या फुटलेलं.

खुणा एकमेकींशी भांडल्या तर

देठ एक सांगतो आणि फळ दुसरं, असं होईल. तेव्हा क्रम असा लावा: सर्वांत आधी देठ आणि पात्याचा तळ, त्यानंतर केसरांची लांबी, त्यानंतर बिया, मग फळाच्या लांबी-रुंदीचं प्रमाण, आणि वास सर्वांत शेवटी. पहिल्या दोन खुणा जुळल्या तर बाकीच्यांनी कितीही गोंधळ घातला तरी मी निकाल बदलत नाही. पहिल्या दोनच आपसांत जुळत नसतील, तर पुढच्या बहरापर्यंत थांबा आणि तोपर्यंत नोंदीत ‘सिझिजियम, जात अनिश्चित’ असं लिहा. चुकीच्या नावापेक्षा अपुरं नाव बरं, कारण चुकीचं नाव पुढे रोपांबरोबर पसरत जातं.

रोप विकत घेताना

खरी गरज इथेच पडते, कारण रोपाला फूल नसतं, फळ नसतं, असते ती फक्त चिठ्ठी. दोन्ही जातींची रोपं गुटी कलमानं, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून, सहज होतात, आणि गुटीचं रोप मोठ्या झाडाच्या फांदीचंच असल्यामुळे त्याची वाढलेली पानं देठाच्या परीक्षेला चालतात. टोकाची कोवळी पानं सोडून खालची, जून पानं पाहा. पाळ्या डहाळीवर चढलेल्या असतील तर चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, ते अ‍ॅक्विअम आहे. बियांपासून आलेलं लहान रोप असेल तर मात्र पानावरून खात्री देऊ नका.

याच वेळी कोवळ्या पानांवर पिवळ्या पुडीचे फोड आहेत का, तेही तपासा. मिर्टल रस्ट नावाचा बुरशीजन्य रोग जंबुल कुलातल्या झाडांना पकडतो. 2005 मध्ये तो हवाईत आढळला आणि तिथल्या गुलाबजांबाच्या झाडांची त्यानं दुर्दशा केली. 2010 मध्ये तो ऑस्ट्रेलियात पोहोचला. अशी पूड दिसली तर रोप घेऊ नका आणि हात व कपडे धुतल्याशिवाय आपल्या झाडांजवळ जाऊ नका.

ओळख पटल्यावर काय बदलतं

पाण्याच्या बाबतीत दोघं सारखेच आहेत. हवेत काही काळ कोरडेपणा चालतो, किंबहुना फुलोऱ्याला तो मानवतो, पण मुळांना पाणी कायम हवं. म्हणूनच ही झाडं ओढ्याकाठी, तळ्याकाठी चांगली वाढतात. मलय अ‍ॅपलला मात्र वर्षभर दमट हवाच लागते, त्याला या दोघांचा नियम लावू नका.

जागा ठरवताना फरक पडतो. समरांगेन्सचा घेर मोठा होतो, त्याला दोन झाडांत 8 ते 10 मीटर अंतर द्या. अ‍ॅक्विअम कमी जागेतही आटोपशीर राहतो. मोठी, बिनबियांची फळं हवी असतील तर समरांगेन्सचं निवडक वाण घ्या आणि गुटीचंच घ्या. निवडलेलं वाण बियांवरून तसंच्या तसं मिळेल अशी आशा धरू नका. अ‍ॅक्विअम बियांपासून लावायचा असेल तर बी फळातून काढली की लगेच पेरा. या प्रजातीतल्या बिया वाळल्या की मरतात, डबीत भरून ठेवायच्या नाहीत.

तैवानमधले शेतकरी समरांगेन्सला बिगरहंगामी बहर आणण्यासाठी झाडावर काळं जाळं टाकतात, बुंध्याशी पाणी तुंबवतात किंवा मुळं छाटतात. झाडाला ताण देऊन फुलायला लावायची ही पद्धत त्यांनी अनुभवातून बसवलेली आहे. घरच्या एका झाडावर तिचा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ताण किती द्यायचा याचा अंदाज चुकला तर झाड वर्ष-दोन वर्षं सावरत नाही.

फळमाशी दोन्हींवर येते. फळं बोराएवढी झाली की विरळणी करून घोसावर कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. फूल उमलल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात फळ तयार होतं, म्हणून बहराची तारीख लिहून ठेवा. पिशवीतलं फळ बाहेरून दिसत नाही. तोडणी हातानं, आठवड्यातून दोनदा. दोन्हींची साल पातळ असते आणि काही दिवसांतच फळ सुरकुतायला लागतं. अ‍ॅक्विअमची फळं तोडल्या दिवशीच संपवलेली बरी.

नमुना जपून ठेवा

ओळख पटली की एक डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर वजन द्या आणि सुरुवातीला रोज कागद बदला. डहाळीवर निदान एक पान उलटं ठेवा, म्हणजे तळ आणि देठ वाळल्यावरही दिसतील. एक ताजं फूल उभं कापून शेजारी ठेवा. फळ वाळवून काही हाती लागत नाही, त्याचा फूटपट्टीसकट उभ्या कापाचा फोटो काढा. सोबत तारीख, जागा, झाडाची अंदाजे उंची, पाकळ्यांचा आणि फळाचा ताजेपणीचा रंग लिहा, कारण वाळल्यावर सगळं तपकिरी होतं. कुणा जाणकाराला नुसते फोटो पाठवायचे असतील तर तीन पुरेसे आहेत: उलट्या पानाचा देठाजवळून घेतलेला, पूर्ण उमललेल्या फुलाचा पट्टीसह, आणि कापलेल्या फळाचा. लाल फळांनी लगडलेल्या अख्ख्या झाडाचा फोटो कितीही देखणा आला, तरी त्यावरून कुणालाही जात सांगता येणार नाही.